कमरेएवढा जोंधळा

मुकुंदवाडी, ९ मार्च

अहो,

जय भीम. पत्रास कारण तुम्ही. दुसरं काय असणार?

फोनवर बोलून उपयोग नाही हे मला कळून चुकलंय. महिन्यातून दोनदा तुम्ही त्या मोठ्या गावात जाता तेव्हा फोन लागतो. जेवलात का, गुडघा कसाय, इथपर्यंत आवाज खणखणीत असतो. मी ‘परत कधी येणार’ म्हटलं की लगेच ‘हॅलो, हॅलो, तुटतंय.’ तुमच्या त्या कुल्लामारी गावाचा टॉवर बंडखोरांनी जाळला हे मला मान्य आहे. पण तो दर वेळी माझ्या त्याच एका वाक्याला कसा जळतो?

म्हणून कागदावर लिहितेय. तुमच्या संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातून महिन्याला एक थैली तिकडं जाते, तिच्यात हे पत्र टाकणार आहे. कागद मधेच तुटत नाही.

मला लोकांना काय सांगायचं ते एकदा लिहून कळवा. एकतीस वर्षं बियाणं कंपनीत प्लॉट तपासत उन्हातान्हात फिरलात. रिटायर झालात, दोन वर्षं घरी बसलात. आणि एक दिवस चहा पिता पिता म्हणालात, आफ्रिकेत चाललोय, चाडच्या सरोवराकडं, तिथल्या बायांना बियाणं तयार करायला शिकवायचंय, वर्षभराचं काम आहे. तिकीट येऊन पडलेलं होतं. विचारलं नाही, सांगितलं. बियाणं शिकवायचंच होतं तर आपल्या पाचोडात बाया नव्हत्या का?

रूपाला एक स्थळ आलंय. आकाश नाव, पैठणचा आहे, बिडकीनला तिच्याच कंपनीत सुपरवायझर. म्हणजे स्थळ आलं असं आपण म्हणायचं, दोघांनी आधीच ठरवलेलं दिसतंय. मुलगा बरा आहे. त्याची आई पारूबाई जरा फटकळ आहे. पहिल्याच भेटीत विचारलं, “मुलीचे वडील कुठंयत?” मी म्हटलं, परदेशात. तर म्हणे, “दुबईला का?” मी खोटं बोलले नाही, पण व्हय-नाय काहीच न म्हणता भजी पुढं केली. या वयात मला हे करायला लावलंत.

नळाला पाणी नवव्या दिवशी येतंय. टाकीचा कॉक तुम्ही जाताना दुरुस्त करणार होतात.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय, तिथला आठवडी बाजार महिनाभर बंद आहे, सण आहे म्हणून. असला कसला सण? बाजार सणाला भरतो, बंद होत नाही. पाचोडचा बाजार ऐन दिवाळीत कधी बंद पाहिलाय का तुम्ही?

उत्तर नीट द्या.

रत्नमाला

६ एप्रिल

अहो,

तुमच्या संस्थेतला तो जालन्याचा इंद्रजीत दोन महिन्यांच्या रजेवर आलाय. तुमच्या भागातली सामानसुमानाची सगळी व्यवस्था तोच बघतो म्हणे. काल तुमचा शर्ट आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन घरी आला. बसायच्या आत म्हणाला, “काकू, घाबरू नका.”

मी घाबरलेच नव्हते, तोपर्यंत.

म्हटलं, “कशाला घाबरू?”

“काकांनी सांगितलं नाही का? बाजाराचं?”

“सण आहे म्हणाले.”

मी त्याच्यापुढचा चहा उचलून घेतला. म्हटलं, आधी सांग, मग पी.

धान्याच्या पोत्यांत स्फोट झाला. अकरा माणसं गेली. तुम्ही चाळीस पावलांवर होतात, भाव विचारत. अंगावर धुळीशिवाय काही आलं नाही, असं इंद्रजीत मला तीनदा म्हणाला. तीनदा कशाला म्हणावं लागतं?

त्याला मी संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही. तुम्ही पाच महिन्यांत जे लिहिलं नाही ते त्यानं एका बैठकीत सांगितलं. गावाभोवती खंदक आहे, त्याच्या आत सैनिकांचा पहारा. खंदकापासून हाकेच्या अंतरावर जेवढी जमीन तेवढीच कसायची. लांबची शेतं तशीच पडलीत. तिथं जाऊन कोणी पेरलंच तर अर्धं धान्य बंडखोर नेतात, आणि दिलं नाही तर माणूस नेतात. दिलं तर सैनिक म्हणतात, तुम्ही त्यांना पोसता. मोटारसायकलला बंदी, कारण बंडखोर तिच्यावरून येतात. युरियाला बंदी, कारण त्याचे बॉम्ब करतात. सरोवरात मासे आहेत पण विकायला बाजार नाही, म्हणून मासेमारी करणारे शहराच्या छावणीत जाऊन बसलेत. मास्तर पळून गेले, शाळेत आता लांबच्या गावांतून आलेली कुटुंबं राहतात. आणि चौदा वर्षांच्या पोरींची लग्नं लावतायत. घरातलं एक तोंड कमी होतं, आणि कोणी उचलून नेण्याआधी ती कोणाच्या तरी घरात गेलेली बरी म्हणून.

हे सगळं तुम्हाला माहीत होतं. रोज डोळ्यांनी बघताय. आणि मला काय लिहिता, तर ‘इथले आंबे आपल्यापेक्षा गोड आहेत.’

मी अडाणी आहे का? सतरा वर्षं अंगणवाडी चालवतेय. बालविवाह थांबवायला पोलीस घेऊन मांडवात गेलेली बाई आहे मी. मला आंब्याचं सांगता!

हे बघा, मी स्पष्ट लिहिते. वर्ष पूर्ण करायचं काही कारण नाही. इंद्रजीत म्हणाला, घरचं कारण दिलं की महिन्याभरात सोडतात. घरचं कारण मी आहे. द्या.

रत्नमाला

३ मे

अहो,

तुमचं पत्र मिळालं. माफी मागितलीत ते वाचलं. पहिल्या तीन ओळी माफी आणि पुढची तीन पानं जोंधळा. तुमच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

समजलं ते असं. तुमच्याकडचा जोंधळा दीड-दोन पुरुष उंच होतो. त्यात बंडखोर लपतात म्हणून रस्त्याच्या आणि खंदकाच्या कडेनं उंच पीक घ्यायला सैनिकांनी मनाई केली. जमीन उरली तेवढी सगळी कडेचीच. म्हणजे जोंधळाच बंद. म्हणजे भाकरी बंद, शेळ्यांचा चारा बंद, कुडाला ताटं बंद. चवळी आणि भुईमूग लावा म्हणतात, पण पोट त्यानं भरत नाही. आणि बाहेरून येणारं धान्य या वर्षी निम्म्यावर आलं. म्हणून तुम्हाला ती बुटकी ज्वारी आठवली, जी तुम्ही पंधरा वर्षांपूर्वी कंपनीत सात वर्षं खपून काढली होती आणि कडबा होत नाही म्हणून एकाही शेतकऱ्यानं घेतली नाही. तिचं बियाणं कडुबा भावजींकडं असेल, ते मी आणायचं, तपासायचं, परवानगी काढायची, आणि जूनच्या पेरणीआधी पाठवायचं.

मी नाही म्हणणार होते. तसं पत्र लिहूनही ठेवलं होतं, सव्वा पान.

पण शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिलीय. ‘दवाखान्यातली बाई पोरांच्या दंडाला रंगीत पट्टी लावते. काल विसातली नऊ लाल निघाली.’ काल ढग आले होते, अशा थाटात लिहिलंय. तुम्हाला त्या पट्टीचा अर्थ माहीत नाही.

मला माहीत आहे. तीच पट्टी माझ्या कपाटात आहे. लाल म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करा, त्यात पोराचा अख्खा दंड सैल फिरतो, एवढा. सतरा वर्षांत माझ्या अंगणवाडीत लाल पोरं चार निघाली. चौघांची नावं सांगते तुम्हाला. त्यातल्या एका पोरीला घेऊन मी घाटीच्या दवाखान्यात अकरा दिवस बसले होते, रूपाची दहावी सोडून. आणि तुमच्याकडं एका गावात, एका दिवशी, नऊ.

तुम्ही मला अशी ओळ लिहून पाठवता आणि वर ‘तुला जमलं तर बघ’ म्हणता. जमलं तर! उद्या पाचोडला चाललेय. तुमच्यासाठी नाही.

रत्नमाला

२८ मे

अहो,

ही सगळी यात्रा तुम्ही ऐकलीच पाहिजे.

ऊन त्रेचाळीस डिग्री. पाचोडच्या स्टँडवरून कडुबा भावजींच्या वस्तीपर्यंत रिक्षा नाही. चालत गेले. भावजी बाजेवर बसलेले. उठले नाहीत. म्हणाले, “वैनी, जाताना त्यानं मला सांगितलं का? सख्खा भाऊ. गावातल्या लोकांकडनं कळलं मला. मंग आता का आलात?”

मी म्हटलं, “मला तरी कुठं सांगितलं होतं भावजी? मला चहाच्या कपाबरोबर कळलं.”

त्यावर ते एवढ्या जोरात हसले की आतून आवडाबाई धावत आली. बायकोला म्हणाले, “अगं, हिला बी नाय सांगितलं त्यानं! मला वाटलं मलाच!” त्यानंतर पाणी आलं, कलिंगड आलं.

बियाणं आहे. तुम्ही सांगून ठेवलंत म्हणून दर वर्षी चार ओळी पेरतात. “इथं कोण इचारत नाय त्या बुटक्याला. दावणीची म्हैस बी तोंड फिरवती. पण तो म्हणला व्हता, जात मोडू देऊ नको, म्हणून पेरतो.” जो माणूस तुमच्याशी सहा महिने बोलत नाही, तो तुमचा जोंधळा जपतोय. तुमच्या घराण्याचं मला काही कळत नाही.

आढ्याला टांगलेली कणसं उतरवली. आम्ही दोघींनी बडवून, पाखडून चौदा किलो काढलं. किडका दाणा वेचायला दोन दिवस लागले. माझी पाठ अजून धरलेली आहे.

पुढं परवानगी. त्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, “ज्वारी निर्यात करायचीय? किती कंटेनर?” मी पिशवी टेबलावर ठेवली. साहेब पिशवीकडं बघतात, माझ्याकडं बघतात. “एवढ्यासाठी एवढे कागद?” मी म्हटलं, “साहेब, हेच मी तुम्हाला विचारायला आलेय.” चार खेपा झाल्या. रोग नसल्याचा दाखला, धुरी दिल्याचा दाखला, तिकडच्या सरकारचं पत्र. ते पत्र चुकीच्या पिकाच्या नावानं आलं होतं, मक्याच्या. पुन्हा मागवलं. या काळात माझी दोन वेळा बिनपगारी रजा झाली आणि सुपरवायझर मॅडमनी कारण विचारलं. मी लिहिलं, ‘पतीची ज्वारी.’ आता आमच्या बीटच्या सगळ्या अंगणवाड्यांत मला त्यावरून हसतात.

रूपाचं जमल्यात जमा. पण परवा पारूबाईंनी शेवटी विचारलंच. “खरं सांगा, ते त्या दहशतवाद्यांच्या मुलखात हायेत ना? उद्या काही बरंवाईट झालं तर पत्रिकेवर नाव कसं छापायचं?” रूपा काही बोलणार तेवढ्यात मीच म्हटलं, “नाव छापा. माणूस मी आणते.” म्हणून बसलेय. २३ नोव्हेंबर ठरलीय.

इंद्रजीत ४ जूनला निघतोय. बियाणं त्याच्या हातून.

रत्नमाला

२९ जून

बियाणं पोचल्याचं इंद्रजीतकडून कळलं. पेरलं का? किती उगवलं? दोन ओळी लिहायला हात दुखतात का?

१७ ऑगस्ट

अहो,

बियाणं पोचल्याचं कळलं त्याला एक्कावन्न दिवस झाले. फोन नाही, पत्र नाही. इंद्रजीत राजधानीत आहे, त्यालाही कळत नाही. रस्त्यावरचा पूल उडवला, गावाकडं गाडी जात नाही, रेडिओवर संस्थेची माणसं सुखरूप असल्याचं एकदा कळलं, एवढंच सांगतो. ‘संस्थेची माणसं.’ मी त्याला म्हटलं, नाव घेऊन विचार. म्हणाला, काकू, रेडिओवर नाव घेता येत नाही, बंडखोर ऐकतात.

हे पत्र तुम्हाला मिळेल की नाही माहीत नाही. तरी लिहितेय, कारण घरात कोणावर ओरडणार? रूपा बिचारी आधीच माझ्यासमोर पाय न वाजवता चालते.

परवा अंगणवाडीत वजनं घेत होते. सरूबाईच्या नातवाला काट्यावर ठेवलं आणि आकडा लिहायचा विसरून तशीच उभी राहिले. सरूबाई म्हणाली, “बाई, पोरगं खाली घ्या की, रडतंय.” तेव्हा भानावर आले.

एक गोष्ट आहे. ती तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, पण आपण दोघंही तिच्या आजूबाजूनं चालतो. रूपाला मी सांगितलंय की बाबांना पहिल्यापासून फिरायची हौस. तसं नाही. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, माझी मीटिंग होती, आणि तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत की आज भाजी कुठली. मी म्हणाले, “रिटायर झालात म्हणजे काय मेलात का? कुठंतरी जा एकदाचे, माझ्या डोळ्यांपुढून.” तुम्ही काहीच बोलला नाहीत. संस्थेला केलेल्या तुमच्या अर्जावरची तारीख मी नंतर पाहिली. चार दिवसांनंतरची.

त्यानंतर तुम्ही एकदाही ते बोलून दाखवलं नाही. फार मोठेपणा केलात असं वाटत असेल तुम्हाला. मला नाही वाटत. त्याच वेळी तुम्ही माझ्यावर ओरडला असतात तर मी उलट ओरडले असते, दोघं जेवलो असतो आणि विषय संपला असता. गप्प राहून तुम्ही समुद्रापलीकडं जाऊन बसलात.

मी तसं म्हणायला नको होतं. झालं लिहून. आता तुम्ही उत्तर द्या. शिवी द्या, पण तुमच्या अक्षरात द्या.

रत्नमाला

१२ ऑक्टोबर

अहो,

काल तुमचा फोन येऊन गेला. आवाज ऐकला, पूल झाल्याचं कळलं, तुम्ही बरे आहात हे कळलं. मी फोनवर नुसतं हूं-हूं केलं ते रागानं नाही, पदर तोंडाशी धरला होता. तुमचं लांबलचक पत्र आज आलं. चार वेळा वाचलं.

‘मी कायमचा परत येतोय. तुझंच खरं होतं.’ हे वाक्य मला अकरा महिने हवं होतं. आणि आता हातात आल्यावर वाचून माझं डोकंच फिरलं.

तुम्ही लिहिलंय, जोंधळा छान आला. कमरेएवढा. ती तुमची फाल्माता, बायांच्या गटाची पुढारीण, सहा लेकरांची, आधी पोट धरून हसली म्हणे, हा जोंधळा आहे की जोंधळ्याचं पिल्लू. पण कणीस भरायला लागल्यावर रोज येऊन हात लावून बघायची. चौतीस बायांनी खंदकाच्या कडेनं पेरला होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सैनिक विळे घेऊन आले. तुम्ही काठी धरून दाखवलीत, बघा, माणूस सोडा, शेळीसुद्धा उभी लपणार नाही. त्यांचा अधिकारी सभ्य होता, त्यानं तुमचं सगळं ऐकून घेतलं. आणि म्हणाला, “आदेशात ज्वारी असं लिहिलंय. उंची लिहिलेली नाही.” दोन तासांत सगळं आडवं. दाण्यात अजून दूध होतं.

संस्था आणखी एक वर्ष थांबा म्हणत होती, आणि त्याच रात्री तुम्ही राजीनामा लिहिलात.

आणि फाल्मातानं काय केलं? तुम्हीच लिहिलंय. सकाळी उठून कापलेली ताटं गोळा केली, शेळ्यांपुढं टाकली आणि बायांना म्हणाली, चला, निदान चारा झाला. मग तुम्हाला हाताला धरून आपल्या अंगणात नेलं. भेंडीच्या मधे तिनं तुम्हाला न विचारता दोन चिमटी दाणे पेरले होते. साठेक ताटं. भिंतीच्या आत म्हणून कोणाला दिसली नाहीत. आता पिकलीत. तुम्हाला म्हणाली, “तुझ्या बायकोला सांग, दाणा गोड आहे. पुढच्या पेरणीला तू आहेस ना?”

आणि तुम्ही लिहिता, ‘मी काही बोललो नाही.’

काही बोललो नाही! त्या बाईचं पीक कापलं, बाजार जळला, एक पोर त्या पट्टीवर लाल आहे, आणि तिनं सरळ सरळ एक प्रश्न विचारला. तुम्हाला व्हय म्हणता येत नव्हतं? ही गप्प राहायची खोड आता आफ्रिकेतही नेलीत का?

तुम्ही हताश झालात, मला कळतं. सात वर्षांचं तुमचं काम इथं कोणी घेतलं नाही, तिथं घेतलं तर दोन तासांत कापलं. पण चूक तुमची आहे, मी ते सांगणारच. बियाणं पाहिलंत, जमीन पाहिलीत, कागद पाहिला नाहीत. मी असते तर पेरायच्या आधी त्या अधिकाऱ्याकडं गेले असते. सतरा वर्षं मी सरकारी कागदावर काढलीत. जे कागदावर नाही ते साहेबाला दिसत नाही, यात तो वाईट असायची गरज नाही. तो सभ्य आहे म्हणता ना? मग चौतीस बाया घेऊन त्याच्यासमोर जा. काठीवर खूण करा. ‘या खुणेच्या वरची ज्वारी’ एवढेच शब्द आदेशात घालून घ्या, खाली सही, शिक्का, तारीख. प्रत फाल्माताच्या हातात द्या, तुमच्या नको. तुम्ही हरवाल. तो म्हणेल वर विचारावं लागेल. म्हणा, विचारा, आम्ही बाहेर बसतो. आणि खरोखर बसा. बाया जास्त दिसल्या की कागद लवकर हलतो.

साठ ताटांचं बियाणं हिवाळ्यात गावातल्या बोअरच्या पाण्यावर खंदकाच्या आतच वाढवता येईल, असं भावजी म्हणतात. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाले, “वैनी, त्याला इचारा, अजून पाहिजे का? या साली मी चार ओळीच्या जागी अर्धा एकर पेरतो.” आवडाबाई म्हणाली, म्हशीनं तोंड फिरवलं तर फिरवू दे.

राजीनामा संस्थेनं अजून मंजूर केलेला नाही, तो राजधानीत इंद्रजीतच्याच हातून पुढं जायचाय, हे त्याच्याकडून कळलं. मीच त्याला म्हटलं, ठेव तुझ्या टेबलावर, मी सांगेपर्यंत पुढं सरकवू नको. तुम्हाला न विचारता केलं. आपण दोघं सारखेच झालो आता.

मला तुम्ही इथं नकोत असा अर्थ काढू नका. काढलात तर मी स्वतः तिकडं येऊन भांडेन. तुम्ही नसलात की मला घर खायला उठतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण हरून येऊन तुम्ही खिडकीतून रस्ता बघत बसाल, ते मला बघवणार नाही. एकदा बघितलंय मी ते, आणि त्याच्यावर मी काय बोलले तेही आपल्या दोघांना माहीत आहे.

पारूबाईंना काल सगळं सांगितलं. काही न लपवता. स्फोट, खंदक, कापलेलं पीक, सगळं. बाईनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, “मग त्या बाईच्या लेकराचं काय झालं?” मी म्हटलं, पट्टी अजून लालच आहे, पण दवाखान्यात दाखल केलंय. पत्रिका छापून आल्या आहेत. तुमचं नाव सगळ्यात वर आहे.

लग्न २३ नोव्हेंबरला आहे. १९ला चिकलठाण्याच्या विमानतळावर कडुबा भावजी येतील, त्यांच्याशी आधी तुम्ही बोला, ते आपणहून बोलणार नाहीत. आठ दिवस राहा. रूपाला वाटेला लावा, माझ्याशी पोटभर भांडा.

आणि येताना परतीचं तिकीट काढूनच या.

रत्नमाला